जोडचाकाचं मडगार्ड

गाडीतल्या जवळजवळ सगळ्या वस्तू गाडीत बसलेल्या माणसासाठी असतात. सीट, काच, वायपर, आरसा, टेप. मडगार्ड मात्र मागून येणाऱ्यासाठी असतं. आपल्या चाकानं उडवलेला चिखल, पाणी, खडी दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. ते नसलं तरी गाडी सुरू होते, ब्रेक लागतात, माल पोचतो. म्हणूनच गाडी जुनी व्हायला लागली की मडगार्ड सगळ्यात आधी जातं आणि सगळ्यात शेवटी दुरुस्त होतं. आमच्या गाडीचं दुरुस्त व्हायला चौतीस वर्षं लागली.

गाडी म्हणजे फार्गो. एक टनी, मागे हौदा असलेली, गोल नाकाची. आजच्या भाषेत पिकअप. मुरुडात तिला कुणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळ्यांसाठी ती ‘फारगो’. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्यातले ट्रक डॉज, डी सोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी यायचे. नाकावरचं नाव वेगळं, आतलं लोखंड बहुतेक एकच. एकाच घरातल्या तीन बहिणी तीन गावांत दिल्यासारखं.

आजोबांनी ती १९६४ साली मुंबईतल्या एका भाजीच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली आणि कशेडीचा घाट उतरवून, खेड-दापोलीमार्गे मुरुडात आणली. तेव्हा हर्णैला मुंबईची बोट लागायची. लागायची म्हणजे दूर उभी राहायची. माणसं आणि सामान पडावातून किनाऱ्यावर यायचं. तिथून पुढे बैलगाडी. आजोबांनी त्या बैलगाडीच्या जागी फारगो घातली. हर्णैहून साळदुऱ्यावरून मुरुड, पुढे आसूद, दापोली. येताना किराणा, कौलं, सिमेंटची पोती. जाताना नारळ, सुपारी, हंगामात आंबा.

ज्या गावचा मुलगा परीक्षेला बसायचं म्हणून साताऱ्यापर्यंत पायी गेला, त्या गावात गाडी येणं ही साधी गोष्ट नव्हती. १८७५ साली धोंडो केशव कर्वे मुरुडातून निघाले, सह्याद्री चढून साताऱ्याला पोचले आणि वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला न बसता परत आले. महर्षी कर्व्यांची ही गोष्ट आमच्या शाळेत दरवर्षी सांगत. ती ऐकताना मला त्यांच्या जिद्दीपेक्षा तो परतीचा रस्ता जास्त दिसायचा. आजोबा म्हणायचे, “तेव्हा आपली फारगो असती तर मी पोचवलं असतं त्यांना.” भाडं घेतलं असतं की नाही, ते सांगायचे नाहीत.

*

कंपनीतून गाडी चार चाकांची आली होती. सहा चाकं तिला जांभ्यानं दिली.

साठच्या दशकात गावात चिरेबंदी घरं वाढू लागली आणि चिरे वाहण्याचं काम आलं. जांभ्याचा एक चिरा तीस-बत्तीस किलोचा. म्हणजे एका टनात तीसेक चिरे. पण चिरे मोजून घेणारा कुणी नव्हता. चाळीस, पन्नास चढायचे. मागचे टायर फुटायचे. शेवटी १९६७ साली आजोबांनी मागच्या दोन चाकांची चार करून घेतली. आर. सी. बुकात त्याची नोंद आहे, वर निळा शिक्का आहे.

जोडचाक दिसायला सोपं असतं. एकाच हबवर दोन डिस्क, एक सरळ आणि एक उलटी, पाठीला पाठ लावून. पण त्याचे नियम कडक. दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. एक जरा मोठा असेल तर तो एकटाच वजन घेतो आणि दुसरा नुसता घासत राहतो. दोघांच्या मध्ये फट हवी. टायर वजनाखाली खालच्या बाजूला फुगतो. तेव्हा पोटं एकमेकांना लागली तर दोन्ही तापून फाटतात. आणि फट ठेवली की त्या फटीत दगड अडकतो.

हा दगड नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यामुळे आहे. एकेरी चाक खडी उडवतं, पण ती खडी नखांतल्या मातीसारखी बारीक असते. जोडचाकाच्या फटीत मुठीएवढा गोटा बसू शकतो. तो चाकाबरोबर फिरतो. दोन्ही रबरं त्याला दाबून धरतात. वेग वाढला किंवा खड्ड्यात चाक जरा दबलं, की पकड सुटते आणि गोटा गोफणीतून सुटावा तसा मागे जातो. मोठ्या ट्रकचे जुने ड्रायव्हर गाडी थांबवली की सळईनं किंवा हातोडीच्या दांड्यानं आधी ती फट तपासतात, ते यासाठी.

मोठ्या ट्रकला मागे वेगळं मडगार्ड बहुधा नसतंच. त्याचा हौदा चाकांपेक्षा रुंद असतो, चाकांच्या वरून जातो. मागे रबराचा एक पडदा लोंबता सोडला की झालं. जुन्या पिकअपचं तसं नसतं. तिचा हौदा अरुंद, दोन चाकांच्या मध्ये बसलेला, चाकं बाहेर. त्यावर बाजूनं नटबोल्टनं लावलेली गोल मडगार्डं, कानांसारखी. चाकं दोनाची चार झाली की बाहेरचं चाक त्या कानाच्या बाहेर पंजाभर येतं. म्हणजे कान रुंद करणं आलं. अमेरिकेत शेवरलेनं १९७३ साली मागे जोडचाकं आणि हौद्याला रुंद मडगार्डं अशी पिकअप थेट कारखान्यातूनच काढली. आता तिथे तशी मडगार्डं फायबरमध्ये तयार मिळतात. ऑर्डर करा, घरी येतात. मुरुडात १९६७ साली जे मिळालं ते एक पत्रेकाम करणारा मिस्त्री आणि तेलाचं रिकामं पिंप.

*

तेलाच्या पिंपाचं आम्हाला मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

गाडी १९९०पासून परसात उभी होती. आधी ताडपत्रीखाली, मग बाबांनी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. खारं वारं लोखंडाला सुट्टी देत नाही. वर्षातून दोनदा बाबा तिचं इंजिन हातानं फिरवायचे, ते जखडू नये म्हणून. बाकी तिला हात लावायचा नाही असा घरात अलिखित नियम होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, दिसायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी मला पुण्याला फोन केला. “फारगोला मडगार्ड करायचं आहे. जोडचाकाचं. पत्र्याचं काम करणारा कुणी उरलाय का, बघ.”

इंजिन नाही, ब्रेक नाही, रंग नाही. मडगार्ड.

उरलेला एक मिस्त्री दापोलीच्या रस्त्यावर सापडला. साठीचे. आता त्यांच्याकडे मुख्यतः रिक्षांची आणि टेम्पोंची कामं. वडील एस.टी.त होते, पुण्याजवळ दापोडीच्या कार्यशाळेत, जिथे एस.टी.च्या गाड्यांची बॉडी बांधतात. “दापोलीचा माणूस दापोडीला,” असं म्हणून ते स्वतःच हसले. सुट्टीत वडील घरी आले की अंगणात पत्रा ठोकायला शिकवायचे.

गाडी बघायला आले तेव्हा त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. डावीकडे मडगार्ड नव्हतंच; हौद्याच्या फळीवर फक्त पाच बोल्टांची भोकं. उजवीकडचं होतं, खालून चाळणी झालेलं. त्यांनी त्याच्यावर तळहात फिरवला, मग पुन्हा फिरवला. “ताई, इथे हात लावा.” लावला. गोल पाठीवर मधोमध एक पट्टा अगदी सपाट लागत होता.

रंगाचे थर खरवडल्यावर दोन रेषा दिसल्या, पाच इंचांच्या अंतरानं, समांतर. पितळी झाळ. जुन्या मिस्त्रीनं कंपनीचं मडगार्ड उभं मधोमध चिरलं होतं, दोन्ही अर्धुकं लांब केली होती आणि मध्ये पाच इंचांची पट्टी भरली होती. आम्ही मडगार्ड सोडवून उलटं केलं. आतल्या बाजूला, गंजाखाली, त्या पट्टीवर उठावाची अक्षरं होती. अर्धीच, कापलेली. पिंपावर असतात तशी.

“माझ्या बापानं पण असंच केलं असतं,” मिस्त्री म्हणाले. बाबा शेडच्या दारात उभे होते. त्यांनी ती अक्षरं बघितली आणि एवढंच म्हणाले, “ते पिंप आमच्या ओसरीवर होतं. त्यात भात ठेवायचे.”

*

बातमी कशी पसरते कोण जाणे. आठवड्याभरात मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचा संग्रह करणारे, बोलायला सज्जन. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी चांगली किंमत सांगितली, एका अटीवर: मागची जोडचाकं काढून ती मूळ चार चाकांवर आणायची. “ओरिजिनल हवी. नाहीतर व्हिंटेजमध्ये धरणार नाहीत.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, मोठे फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही; प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच. मी हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी एकच शब्द पकडला. “चारचाकी. मग आपली बसतच नाही त्यात.”

दुसरीकडून बघितलं तरी अडचण होतीच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. काही अपवाद आहेत, पण आपल्या मनानं चाकं वाढवणं त्यात येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हा कायदा योग्य वाटतो. रस्त्यावर कुणीही उठून काहीही जोडायला लागलं तर काय होतं, ते आपण रोज बघतो. आजोबांचा बदल १९६७चा, शिक्क्यासकटचा. पण तो शिक्का आजच्या रस्त्यावर कितपत चालेल, हा प्रश्न आम्हाला सोडवायचाच नव्हता. गाडीची नोंदणी कधीच संपली होती आणि बाबांना ती रस्त्यावर न्यायची नव्हती.

मला मात्र त्या गृहस्थांचा शब्द सोडेना. ओरिजिनल. कुर्ल्याहून निघाली तशी की मुरुडात जगली तशी? चार चाकांवर ती फार तर आठ-दहा वर्षं होती, त्यातली तीन आमच्याकडे. सहांवर तेवीस वर्षं. ज्या घरांचे चिरे तिनं वाहिले ती अजून उभी आहेत. मडगार्डात भाताच्या पिंपाची पट्टी भरली गेली तो दिवस तिच्या आयुष्यातून वजा करायचा, आणि मग उरेल त्याला मूळ रूप म्हणायचं? बाबांना एवढे शब्द लागले नाहीत. ते त्या गृहस्थांना चहा देत म्हणाले, “आमची सून लग्नानंतर तीस वर्षं या घरात आहे. तिला आता माहेरच्या नावानं हाक मारा म्हणालात तर ती ओ देणार नाही.”

*

आता कामाबद्दल.

ठरलं असं की उजवं जुनं मडगार्ड वाचवायचं आणि त्याच्यावरून डावं नवं करायचं. मी सुचवलं की फायबरचं करू. हर्णैला होड्या आता फायबरच्याच असतात, दुरुस्त करणारी माणसं आहेत, आणि फायबरला गंज नाही. मिस्त्रींनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, साचा काढायला जेवढा खर्च आणि वेळ, तेवढ्यात पत्र्याची चार होतील. एकासाठी साचा कोण करतो? आणि दगड लागला तर फायबर तडकतं, पत्रा पोचा घेतो. पोचा काढता येतो. मग अॅल्युमिनियम? एस.टी.ला चालतं ना? तर अॅल्युमिनियम आणि लोखंडी बोल्ट यांच्यात खारं पाणी गेलं की अॅल्युमिनियम बोल्टाभोवती पांढरं होऊन झडतं. जस्ताचा पत्रा? त्याला वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर उठतो, रात्री हीव भरतं. वय झालं, आता नको. शेवटी साधा काळा पत्रा, १८ गेजचा, सव्वा मिलिमीटरच्या जवळपास.

पहिले दोन दिवस त्यांनी पत्र्याला हातही लावला नाही. आधी गाडी भरली. परसात पडलेले चाळीस चिरे आम्ही हौद्यात चढवले. पाटे बसले, हौदा खाली आला, आणि टायरच्या माथ्यापासून मडगार्डच्या रेषेपर्यंतचं अंतर साडेतीन इंचांनी कमी झालं. हेच मोजायचं होतं. मडगार्ड हौद्याला बांधलेलं, चाक अॅक्सलला. रिकाम्या गाडीवर सुंदर गोल जुळवलेलं मडगार्ड भरल्यावर टायरला खातं. मग एका बाजूच्या चाकांखाली दोन चिरे सरकवून त्यांनी अॅक्सल तिरका केला. खड्ड्यातून जाताना चाक सरळ वर येत नाही, कलतं. आणि जोडचाकात बाहेरचा टायर लांब असल्यानं तो जास्तच वर येतो. म्हणजे मडगार्डला बाहेरच्या काठाशी जागा जास्त हवी. हे सगळं त्यांनी खडूनं फळीवर लिहून ठेवलं, आकडे आणि बाण. नंतर आम्ही चाळीस चिरे उतरवले.

मग पुठ्ठे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून अर्धगोल साचा, उजव्यावरून काढलेला, उलटा करून डाव्याला लावायचा. लावला तर बसेना. मागच्या बाजूला पाऊण इंचाची फट. पुन्हा मोजलं. चूक पुठ्ठ्याची नव्हती. हौदाच चेसीवर पाऊण इंच उजवीकडे सरकून बसलेला होता, कुणास ठाऊक कधीपासून. जुन्या गाड्या अशाच असतात. माणसासारखा त्यांचाही एक खांदा उतरलेला असतो. आता डावं मडगार्ड उजव्याशी जुळवायचं की चाकाशी? मिस्त्री म्हणाले, “समोरून बघणाऱ्याला पाऊण इंच दिसत नाही. टायरला दिसतो.” चाकाशी जुळवलं.

पत्रा एका दिशेनं वळवणं सोपं. कागदाची नळी होते, तसं. पण कागदाची वाटी होत नाही. करायला गेलं की चुण्या पडतात. मडगार्डची पाठ वाटीसारखी, दोन्ही दिशांनी गोल. त्यासाठी पत्रा मधोमध ताणावा लागतो. फणसाच्या ओंडक्यात कोरलेला एक खळगा होता मिस्त्रींकडे, वडिलांचा. त्यावर पत्रा धरून लाकडी हातोड्यानं घाव, प्रत्येक घाव आधीच्या घावाला अर्धा चढवून. बघताना वाटतं, पत्रा बिघडतोय. सगळीकडे अक्रोडासारखे उंचवटे. मग आत लोखंडी ठोकळा धरून बाहेरून सपाट हातोडा. टक् टक् टक्. उंचवटे एकमेकांत मिसळत जातात आणि तिसऱ्या दिवशी हात फिरवला तर पाण्यासारखं लागतं. ते डोळे मिटून हात फिरवायचे. डोळ्यांना प्रकाश फसवतो, म्हणाले.

बाहेरच्या काठात त्यांनी जाड तार भरली. काठ तारेवरून आत वळवायचा, ठोकून बंद करायचा; नुसता पत्रा फडफडतो, तारेनं काठाला कणा येतो. जोडताना सलग वेल्डिंग नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा परत मध्ये. एका जागी उष्णता साठली की तीन दिवसांचा गोलावा दहा मिनिटांत वेडावाकडा होतो. मडगार्ड आणि हौदा यांच्यामध्ये पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून रबराची पट्टी लागते. ती त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापली.

हे सगळं चालू असताना दुपारी चहाला एकदा मी विचारलं, हे काम कुणी शिकतंय का? “मुलगा शोरूमला आहे चिपळूणला. तिथे मडगार्ड खोक्यातून येतं. तुटलं की नवं. त्याचं बरोबर आहे, ताई. कंपनीची गाडी कंपनीच्याच भागानं नीट होते. हे काम ज्या गाड्यांचं खोकं येत नाही त्यांच्यासाठी.”

*

डावं मडगार्ड का नव्हतं, ते सांगायचं राहिलं.

१९९०च्या पावसाळ्यात ते गंजून निम्मं गळून पडलं. बाबांनी उरलेलं काढून टाकलं. पावसाळा संपला की करू, असं ठरलं. काम थांबवता येत नव्हतं. आजोबा अंथरुणावर होते, मी आणि भाऊ शाळेत. ऑगस्टच्या एका सकाळी कर्द्याच्या रस्त्यावर मागून सायकलवर एक मुलगा येत होता. दहा वर्षांचा, शाळेत निघालेला. जोडचाकाच्या फटीतून गोटा सुटला आणि त्याच्या डाव्या भुवईवर बसला. बाबांनी आरशात सायकल आडवी पडलेली बघितली.

मुलगा वाचला, डोळाही वाचला. भुवईवर टाके पडले. खर्च बाबांनी केला, पोलिसांत काही झालं नाही, मुलाच्या घरचे रागावले आणि मग शांत झाले. पण बाबांनी त्याच आठवड्यात गाडी परसात आणून उभी केली आणि बंदरावर हमालांचा मुकादम म्हणून काम धरलं. आईनं एकदा म्हटलं, मडगार्ड करून घ्या आणि चालवा. त्यांनी उत्तर दिलं नाही. आमच्या घरातल्या पुढच्या बऱ्याच गोष्टी त्या न दिलेल्या उत्तरातून आल्या: भावाचं लवकर नोकरीला लागणं, बागेचा विकलेला तुकडा. मोठेपणी मला कधी कधी वाटायचं, एका दगडापायी हे जरा जास्तच झालं. तो दगड गाडीनं उडवला होता, बाबांनी नाही. आता वाटतं, हा फरक करता येतो तो गाडीत न बसलेल्याला.

तो मुलगा आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कर्द्याला पर्यटकांना राहायला खोल्या देतो. मडगार्डाचं काम चालू आहे हे त्यालाही कळलं आणि एका संध्याकाळी तो आला. डाव्या भुवईत बारीक पांढरी रेघ. बाबा खुर्चीतून उठायला लागले, त्यानं बसवलं.

“काका, मला तो दगड आठवतच नाही,” तो म्हणाला. “तुम्ही मला पुढे शेजारी बसवून दापोलीला दवाखान्यात नेलंत, ते आठवतं. त्याआधी मी गाडीत पुढे कधी बसलोच नव्हतो. मी शाळेत सगळ्यांना तेच सांगायचो.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रक्त थांबत नव्हतं.”

“ते मला कुठे दिसत होतं?”

मिस्त्री आत काठ वळवत होते. त्यांचा हातोडा थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. जाताना तो नव्या मडगार्डापाशी वाकला, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, खाली रबर सोडणार का? मडगार्ड अर्ध्यावर संपतं, दगड खालूनही जातो. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यानंच जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणून दिलं. त्याचे दोन पडदे कापले, जमिनीपासून चार बोटांवर येतील असे.

*

डावं नवं आणि उजवं जुनं, दोन्ही बसली तेव्हा रंगात जमीन-अस्मानाचा फरक होता. डावीकडे ताजा तांबडा रेडऑक्साइड, उजवीकडे ठिगळं. उजव्याचा खालचा गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला, पण मधली पिंपाची पट्टी तशीच ठेवली, पितळी झाळीसकट. वरून दोन्हींना एकच राखाडी रंग दिला. आत, जिथे ती अर्धी अक्षरं आहेत, तिथे फक्त तेल. बाबांनी तसं सांगितलं होतं.

गाडी आता आमच्या वाडीतच चालते. गोठ्यापासून मागच्या बेड्यापर्यंत, सुपारीच्या दोन रांगांमधून, फार तर दोनशे पावलं. पावसाळ्यात तिथे घोट्याएवढा लाल चिखल असतो. महिन्यातून एकदा-दोनदा, नारळ उतरवले की बाबा ती काढतात, ताशी माणसाच्या चालीनं. त्या वेगानं गोटा सुटणं शक्यच नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, एवढ्याशा जागेत, या वेगाला, एवढं मडगार्ड कशाला लागतं? त्यांनी खिडकीतून मागे बघितलं. “मागून तू चालत येतेस ना.”

जाताना मिस्त्रींनी दोन गोष्टी सांगितल्या. मडगार्ड बाहेरून गंजत नाही, आतून गंजतं. चिखल वरच्या वळणात, बोल्टांच्या मागे जाऊन बसतो आणि उन्हाळाभर ओल धरून ठेवतो. बाहेरून रंग चकचकीत असतो तेव्हा आत चाळणी झालेली असते. म्हणून पाऊस संपला की चाक काढायचं, हात आत घालून माती काढायची, पाण्यानं धुवायचं, वाळू द्यायचं, तेल लावायचं. खालच्या टोकाला त्यांनी करंगळीएवढं भोक ठेवलंय, ते बुजू द्यायचं नाही. आणि दुसरी: पुठ्ठ्याचे साचे फेकायचे नाहीत. ते शेडच्या आढ्याला टांगले आहेत, एकावर ‘डावा’, एकावर ‘उजवा’, आणि खाली कंसात ‘पाऊण इंच’. पुढच्या वेळी ते नसतील, म्हणाले, पण हातोडा धरणारा कुणीतरी असेल. निदान त्याला मापं घ्यायला चाळीस चिरे चढवावे लागू नयेत.